बोटीतच संसार! मरीनात कायमचं राहणं खरंच स्वस्त पडतं का?

इन्स्टाग्रामवर असं एखादं रील तुमच्याही समोर आलं असेल. लांबुळकी, रंगीत बोट. आत लाकडी भिंती, छोटीशी चूल, खिडकीत तुळशीऐवजी पुदिना. बाहेर बदकं. आणि खाली मजकूर: "लंडनमध्ये भाडं भरणं बंद केलं, बोट घेतली."

कमेंटमध्ये दोनच प्रश्न असतात. खर्च किती? आणि हे कायदेशीर आहे का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं रीलमध्ये मावत नाहीत. जगात बऱ्याच ठिकाणी लोक बोटीत राहतात, पण इंग्लंडमध्ये हा प्रकार सर्वसामान्य नोकरदारांपर्यंत पोहोचलाय आणि त्याचे नियमही लेखी आहेत. म्हणून आपण तिथलंच उदाहरण घेऊन हा विषय समजून घेऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा खेळ तिच्याभोवती फिरतो. बोट विकत घेतली की घर तुमचं होतं, पण ते घर जिथे उभं आहे ती जागा तुमची होत नाही.

मरीना म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर मरीना म्हणजे बोटींची सोसायटी. नदी, कालवा किंवा समुद्राला जोडून एक बंदिस्त कुंड असतं. त्यात तरंगत्या जेटी असतात आणि प्रत्येक बोटीला एक ठरलेली जागा असते. या जागेला बर्थ किंवा मूरिंग म्हणतात. जेटीवर विजेचा खांब, पाण्याचा नळ, बाहेर पार्किंग, कचऱ्याची सोय, मैला रिकामा करायची जागा आणि बहुतेक ठिकाणी कपडे धुण्याची खोली असते.

लंडनमध्ये टॉवर ब्रिजच्या शेजारी सेंट कॅथरीन डॉक्स आहे. १८२८ साली मालवाहू जहाजांसाठी उघडलेली ही गोदी आज मरीना आहे. रॉदरहाइथ भागातली साउथ डॉक मरीना तर तिथल्या साउथवर्क कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्याच मालकीची आहे.

रीलमधली जी अरुंद बोट असते तिला नॅरोबोट म्हणतात. तिची रुंदी असते ६ फूट १० इंच. एवढी विचित्र मापाची का? कारण अठराव्या शतकात तिथल्या अनेक कालव्यांवर बांधलेली लॉक सुमारे ७ फूट रुंदीची होती. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दरवाजांमधलं पाणी वर-खाली करून बोट चढ किंवा उतार पार करते. दरवाजाच सात फुटांचा असेल तर बोट त्याहून रुंद असून चालत नाही.

लांबी ७० फुटांच्या आसपासही असू शकते. पण राहण्यासाठी ५७ फुटांची बोट लोकप्रिय आहे, कारण ती देशातल्या जवळपास सगळ्या लॉकमध्ये बसते. अशा बोटीत आतली जागा साधारण अडीचशे चौरस फूट मिळते. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची होती, म्हणजे त्यापेक्षा थोडी जास्त. फरक इतकाच की ही खोली ४० ते ४५ फूट लांब आणि जेमतेम ६ फूट रुंद असते. एकाला स्वयंपाकघरातून पलंगाकडे जायचं असेल तर दुसऱ्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

आज ज्याला 'लाइफस्टाइल' म्हणतात, ती एकेकाळी गरिबांची मजबुरी होती.

१७६१ साली मँचेस्टरकडे कोळसा नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. त्यानंतर इंग्लंडभर कालव्यांचं जाळं पसरलं. कोळसा, मातीची भांडी, धान्य सगळं बोटीने जायचं आणि बोट ओढायला काठावर घोडा असायचा. मग रेल्वे आली. मालवाहतुकीचे दर पडले. बोटवाल्यांना काठावरचं घर परवडेना, तेव्हा बायको-मुलं बोटीवर राहायला आली. बोटीचा बहुतेक भाग मालाचा. माणसांसाठी मागच्या टोकाला साधारण १० फूट बाय ७ फुटांची एक केबिन. त्यात अख्खं कुटुंब.

ही अवस्था इतकी वाईट होती की १८७७ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला. बोट घर म्हणून नोंदवायची, तिच्यात किती माणसं राहू शकतात हे ठरवायचं, मुलांच्या शाळेचं बघायचं, असं त्या कायद्यात होतं.

विसाव्या शतकात ट्रक आले आणि कालवे ओस पडू लागले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली. कालवे बुजवून टाकावेत असंही बोललं जात होतं. ते वाचले याचं मोठं श्रेय १९४६ साली स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनसारख्या संस्थांना आणि श्रमदान करणाऱ्या स्वयंसेवकांना जातं. त्यांच्यामुळे सहलीसाठी बोटी आल्या. पुढे घरांच्या किमती वाढत गेल्या आणि सहलीच्या बोटीत लोक कायमचे राहू लागले.

आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल, म्हणजे ३,२०० किलोमीटर जलमार्ग 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' सांभाळतो. २०१२ साली सरकारी यंत्रणेकडून हे काम या धर्मादाय संस्थेकडे आलं. या जलमार्गांवर सुमारे ३५ हजार बोटी आहेत. त्या सगळ्यांत लोक राहत नाहीत, पण राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

बोटीत राहण्याचे तीन मार्ग

इथेच नव्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोट एकच असली तरी तुम्ही तिच्यात कुठल्या हक्काने राहताय, यावर सगळं ठरतं.

१. निवासी मूरिंग. या जागेला राहण्यासाठी रीतसर नियोजन परवानगी असते. वर्षभर राहता येतं, पत्ता मिळतो, बहुधा कौन्सिल टॅक्सही भरावा लागतो. या जागा कमी आहेत आणि महाग आहेत. लंडनमध्ये तर त्यांच्यासाठी मोठी रांग असते.

२. विरंगुळ्याचं मूरिंग. त्यांच्या भाषेत 'लेझर मूरिंग'. बोट इथे ठेवा, शनिवार-रविवारी या, वर्षात ठरावीक रात्री मुक्काम करा, पण हे तुमचं घर नाही, असा करार असतो. प्रत्यक्षात काही मरीनांत लोक अशा जागेवर कायमचे राहतात आणि व्यवस्थापन काणाडोळा करतं. जोपर्यंत कुणी तक्रार करत नाही तोपर्यंत ठीक. तक्रार झाली, मालक बदलला किंवा कौन्सिलने विचारणा केली, की सगळ्यात आधी याच लोकांना बोट हलवायला सांगितलं जातं.

३. मूरिंगच नाही. याला 'कंटिन्युअस क्रूझिंग' म्हणतात. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार तुमच्याकडे कायमची जागा नसेल तर बोट खरोखर प्रवासासाठी वापरायची आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आजारपण, बंद पडलेलं इंजिन, गोठलेला कालवा अशा वाजवी कारणांसाठी मुदत वाढू शकते.

मग दर पंधरा दिवसांनी शंभर फूट पुढे सरकलं तर चालेल का? नाही. किती अंतर जायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. पण वर्षभरात तुमच्या प्रवासाचा पल्ला २० मैलांपेक्षा कमी असेल तर आमचं समाधान होणं फार कठीण आहे, असं ट्रस्टने सांगितलंय. मुलांची शाळा एका जागी आणि बोट सतत पुढे, ही या लोकांची रोजची डोकेदुखी असते. शिवाय २०२४ पासून ट्रस्टने कायमची जागा नसलेल्या बोटींच्या लायसन्स शुल्कावर अधिभार लावला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो आहे.

या दगदगीला कंटाळून लोक मरीनात येतात. तिथे वीज आहे, नळ आहे, शेजार आहे, रोज त्याच बस स्टॉपवर जाता येतं. पण मरीनाची स्वतःची एक मेख आहे.

घर तुमचं, जागा कुणाची?

महाराष्ट्रात भाड्याने राहिलेल्या माणसाला 'लिव्ह अँड लायसन्स' वेगळं समजावून सांगायला नको. अकरा महिन्यांचा करार. तुम्ही भाडेकरू नाही, तुम्हाला फक्त राहायची परवानगी आहे. मुदत संपली की मालक म्हणेल ते.

मरीनाचा करार साधारण याच जातीचा असतो. बहुतेक करार वर्षाचे असतात आणि त्यात पाण्यातली जागा वापरायची परवानगी दिलेली असते. आपल्याकडे घरही मालकाचं असतं, इथे घर तुमचं असतं, एवढाच फरक. पण त्या फरकामुळे परिस्थिती सोपी होत नाही, उलट अवघड होते. भाड्याची खोली सोडताना माणूस सामान उचलून निघतो. इथे घरच उचलायचं असतं, आणि ते ठेवायला दुसरीकडे पाणी शोधायचं असतं.

इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेणाऱ्याला १९८८ च्या हाउसिंग कायद्यापासून काही संरक्षण आहे. मग बोटीत राहणाऱ्याला ते मिळतं का? २००० साली चेल्सीमधल्या एका हाउसबोटीचा खटला अपील कोर्टात गेला. बोट थेम्सच्या काठाला बांधलेली होती, तिला वीज आणि पाण्याची जोडणी होती, आत माणूस भाड्याने राहत होता. कोर्टाने प्रश्न असा घातला की ही बोट जमिनीचा भाग झाली आहे का? फार खटपट न करता सोडवता येणाऱ्या दोर आणि जोडण्यांनी बांधलेली बोट जमिनीचा भाग होत नाही, असा निकाल लागला. म्हणजे ती वस्तूच. आणि वस्तूवर घराच्या भाडेकरूचा हक्क लागू होत नाही.

गंमत म्हणजे चाकांवरच्या घरांना वेगळा कायदा आहे. परवानगी असलेल्या निवासी जागेवर कॅराव्हॅन किंवा मोबाइल होम लावून राहणाऱ्यांना १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याने जागेची बऱ्यापैकी हमी मिळते. बोटींसाठी असा कायदा नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय?

मरीनाने शुल्क वाढवलं तर तुमच्याकडे दोनच पर्याय: भरा किंवा निघा. मरीना विकली गेली आणि नव्या मालकाने जागा वेगळ्या कामासाठी वापरायची ठरवली, तर करारातल्या नोटिशीइतकाच वेळ मिळतो. तुम्ही बोट विकली, तर ती जागा नव्या मालकाला मिळेलच याची खात्री नाही. काही मरीना बोट विकताना कमिशनही घेतात. आणि जागेशिवाय बोटीची किंमत बरीच कमी येते, विशेषतः लंडनमध्ये.

म्हणून अनुभवी लोक सांगतात की बोट पसंत करण्याआधी जागा पसंत करा. नवे लोक नेमकं उलटं करतात.

मग खर्चाचं गणित कसं बसतं?

वापरलेली, राहण्यालायक नॅरोबोट काही दशहजार पौंडांत मिळते. लंडनमधल्या फ्लॅटच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ वाटते. पण तुलना इथेच संपत नाही.

पहिला मुद्दा कर्जाचा. बोटीवर नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. मिळतं ते बोटीसाठीचं वेगळं कर्ज. त्याची मुदत कमी आणि व्याज साधारणपणे जास्त. दुसरा मुद्दा किमतीचा. शहरातल्या घराची किंमत वाढते ती मुख्यतः जमिनीमुळे. बोटीखाली तुमची जमीनच नाही, त्यामुळे ती गाडीसारखी जुनी होत जाते.

त्यानंतर दरवर्षी लागणारे खर्च:

- मूरिंग. हा सगळ्यात मोठा आकडा. बोटीच्या लांबीवर ठरतो. लंडनपासून दूर वर्षाला काही हजार पौंड, तर मध्य लंडनमध्ये निवासी जागेसाठी दहा हजारांच्या वरही जातो.
- जलमार्गाचं लायसन्स. बोट मरीनात उभी असली तरी बहुतेक मरीनांत हे लागतंच.
- विमा. किमान थर्ड पार्टी विमा नसेल तर लायसन्स मिळत नाही.
- सुरक्षा प्रमाणपत्र. 'बोट सेफ्टी स्कीम'ची तपासणी दर ४ वर्षांनी. गॅस, इंधन, वायरिंग, हवा खेळती आहे की नाही, सगळं बघतात.
- कौन्सिल टॅक्स. निवासी जागेवर असाल तर.
- वीज, गॅस, कोळसा, डिझेल. हिवाळ्यात हा आकडा उडी मारतो.
- दुरुस्ती. याला अंदाजपत्रक नसतं. इंजिन, बॅटऱ्या, पंप, पत्रा. काही ना काही निघतंच.

हे सगळं जोडल्यावर लंडनच्या भाड्यापेक्षा बोट बहुधा स्वस्त पडते. पण स्वस्त का पडते, हे समजून घ्या. घरात जी कामं पालिका, सोसायटी, प्लंबर आणि वॉचमन करतात, ती इथे तुम्ही करता. वाचलेल्या पैशाच्या बदल्यात तुमचा वेळ आणि तुमचं अंग लागतं.

रोजचा दिवस कसा असतो?

पाणी. बोटीत साधारण ३०० ते ७०० लिटरची टाकी असते. जेटीवरच्या नळाला पाइप जोडून ती भरायची. दोन माणसं काटकसरीने वागली तर आठवडा निघतो. टँकरच्या गावात वाढलेल्याला हे जमेल. शॉवरखाली वीस मिनिटं गाणी म्हणणाऱ्याला अवघड जाईल. थंडीत नळ गोठतो, म्हणून दंव पडायच्या आधी टाकी भरून ठेवायची.

शौचालय. रील यावर गप्प असतात. मुख्य प्रकार दोन. पहिल्यात खाली सुमारे २० लिटरची पेटी असते. ती भरली की हाताने उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची, परत लावायची. दोन माणसांत दर दोन-तीन दिवसांनी हे काम येतं. दुसऱ्या प्रकारात बोटीच्या पोटात मोठी टाकी असते आणि मरीनातल्या पंपाने ती ओढून घेतात. त्याचे पैसे पडतात. ऐन हिवाळ्यात पंप बंद पडला की पेटीवाले शेजारी गालात हसतात.

वीज. जेटीवरची जोडणी बहुधा १६ अँपियरची असते. २३० व्होल्टने गुणलं की सुमारे ३,७०० वॅट. म्हणजे २,००० वॅटचा हीटर चालू असताना २,००० वॅटची किटली लावली की खटका पडतो. एका वेळी एकच. बऱ्याच ठिकाणी मीटर प्रीपेड कार्डाचा असतो. मरीना ही वीज घरगुती वापरासाठी पुढे विकते तेव्हा ज्या दराने घेतली त्यापेक्षा जास्त दर युनिटला लावू शकत नाही, असा ऊर्जा नियामक 'ऑफजेम'चा नियम आहे. अनेकांना तो माहीतच नसतो.

गॅस. स्वयंपाकासाठी सिलिंडर. तो आत नाही, बोटीच्या टोकाला वेगळ्या पेटीत ठेवतात. या पेटीला तळाशी बाहेर उघडणारं भोक असतं. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दार-खिडकी उघडून निघून जातो, बोटीत मात्र तळाशी साचतो, आणि तळाला खिडकी नसते.

ऊब. बहुतेक बोटींत कोळसा किंवा लाकूड जाळायची छोटी शेगडी असते, काहींत डिझेलचा हीटर. शेगडी रात्रभर धुमसत ठेवणं ही कला आहे. सकाळी राख काढायची, पुन्हा पेटवायची. आणि ऊब आली की तिच्या मागोमाग ओल येते. माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे. हे सगळं थंड पत्र्यावर आणि काचेवर पाणी होऊन उतरतं. गादीखाली बुरशी धरते. म्हणून बाहेर शून्य अंश असलं तरी हवेची भोकं उघडीच ठेवावी लागतात.

बोट पाण्यात असते, आणि पाणी बोट खातं

नॅरोबोट पोलादी असते. तळाचा पत्रा बहुधा १० मिलिमीटर, बाजूंचा ६ आणि छताचा ४. हा पत्रा गंजतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून खालचा भाग घासतात आणि त्यावर डांबरासारखा काळा थर देतात. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात, तसंच हे वेळेवर करावं लागणारं काम. ते दिवस बोट धक्क्यावर ठोकळ्यांवर उभी असते. त्या काळात कुठे राहायचं, हा प्रश्न राहणाऱ्याने आधीच सोडवून ठेवायचा असतो.

मरीनात आणखी एक छुपा शत्रू आहे: वीज. जेटीच्या खांबाला जोडलेल्या सगळ्या बोटींची अर्थिंगची तार एकच असते. पाण्यात उभ्या असलेल्या वेगवेगळ्या धातूंच्या बोटी त्या तारेने जोडल्या गेल्या की मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. अगदी सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि एखाद्या बोटीचं पोलाद हळूहळू झिजत जातं.

यावर दोन उपाय. बोटीच्या अंगाला पाण्याखाली मॅग्नेशियमचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात आणि संपले की बदलायचे. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमऐवजी जस्ताचे ठोकळे चालतात. दुसरा उपाय म्हणजे 'गॅल्व्हॅनिक आयसोलेटर' नावाचं छोटं उपकरण, जे जेटीच्या अर्थिंगमधून येणारा हा प्रवाह अडवतं. कायम जेटीला जोडलेल्या बोटीत हे नसेल तर काही वर्षांनी पाहणी करणारा हातोडीने ठोकून सांगतो की पत्रा पातळ झालाय. मग जुन्यावर नवा पत्रा वेल्ड करा. आणि विमा कंपन्या जुन्या बोटींसाठी अशी पाहणी मागतातच.

धोके कोणते?

सगळ्यात मोठा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. शेगडीतून, इंजिनातून किंवा गॅसच्या उपकरणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. बोटीची केबिन लहान आणि थंडीत लोक हवेची भोकं कापडाने बुजवतात. झोपेतच माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणूनच एप्रिल २०१९ पासून केबिन असलेल्या बोटींना सुरक्षा प्रमाणपत्रासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला आहे.

दुसरा धोका पाण्यात पडण्याचा. कालवा अनेक ठिकाणी जेमतेम कमरेइतका खोल असतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण हिवाळ्यात पाणी इतकं थंड असतं की पडल्याबरोबर श्वास अडकतो, हातपाय चालेनासे होतात. रात्री दंव पडलेली जेटी, हातात सामानाच्या पिशव्या आणि एकटा माणूस, हे जोडगणित वाईट. कपडे भिजून जड झाले की जेटीवर स्वतःला वर ओढून घेणं धडधाकट माणसालाही जमत नाही. मरीनात राहायचं तर जेटीवरच्या शिड्या कुठे आहेत हे पहिल्याच दिवशी बघून ठेवतात.

पत्ता काय सांगायचा?

निवासी मूरिंग असेल तर अडचण नाही. विरंगुळ्याच्या जागेवर मात्र मरीनाचा पत्ता टपालासाठी वापरू नका, अशी अट करारातच असू शकते. मग बँक, लायसन्स, नोकरी, सगळीकडे नातेवाइकाचा पत्ता द्यावा लागतो.

इथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा देणं बंधनकारक नाही. आणि कायमचा पत्ता नसला तरी 'स्थानिक संबंधाचं' लेखी निवेदन देऊन मतदार यादीत नाव घालता येतं. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तरी नियम आपल्या बाजूने आहे, हे बोटवाल्यांना अनेकदा समजावून सांगावं लागतं.

इतर देशांत काय आहे?

ॲमस्टरडॅममध्ये हाउसबोटला ठरलेल्या जागेचा परवाना असतो. तिथे बोटीपेक्षा त्या जागेला भाव असतो, त्यामुळे शहराच्या मध्यातली साधी हाउसबोटही फ्लॅटच्या किमतीला जाते. जागेची हमी मिळाली आणि स्वस्ताई संपली.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागरात उलटी पद्धत आहे. तिथल्या नियामक आयोगाच्या धोरणानुसार मरीनातल्या साधारण १० टक्के जागांवरच लोकांना कायमचं राहता येतं. खाडीचं पाणी सगळ्यांचं आहे, ते खासगी वस्तीसाठी नाही, ही त्यामागची भूमिका. थोडी माणसं बोटींवर असली की मरीना सुरक्षित राहते, म्हणून तेवढी सूट.

आणि आपल्याकडे? कोचीला बोळगट्टी बेटावर पर्यटन महामंडळाची मरीना आहे, पण ती मुख्यतः येत्या-जात्या नौकांसाठी. मुंबईत गेटवेसमोर दिसणाऱ्या यॉट खुल्या पाण्यात नांगरलेल्या असतात. भरती-ओहोटीत तिथलं पाणी काही मीटरने वर-खाली होतं आणि पावसाळ्यात नौकाविहार बंदच होतो. अशा जागी बोटीवर बिऱ्हाड थाटणं व्यवहार्य नाही. त्यामुळे हा विषय मराठी माणसाच्या समोर येतो तो बहुधा शिक्षण किंवा नोकरीसाठी तिकडे गेल्यावर, भाड्याचा आकडा बघून.

जागा घेण्याआधी काय विचारायचं?

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीतलं कुणी खरंच विचार करत असेल, तर बोटीचे फोटो बघण्याआधी हे प्रश्न मरीनाच्या ऑफिसात विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- ही जागा निवासी आहे की विरंगुळ्याची? नियोजन परवानगीत काय लिहिलंय?
- करार किती दिवसांचा? दोन्ही बाजूंना नोटिशीची मुदत किती?
- मागच्या तीन-चार वर्षांत शुल्क किती वाढलं?
- बोट विकली तर जागा नव्या मालकाला मिळते का? कमिशन आहे का?
- विजेचा दर काय आणि मीटर कुणाचा?
- हिवाळ्यात पाणी आणि मैल्याची सोय चालू राहते का?
- टपाल येतं का? हा पत्ता वापरता येतो का?

आणि बोटीसाठी एकच नियम: पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तज्ज्ञाकडून पत्र्याची जाडी मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर जाऊ नका.

थोडक्यात

मरीनात कायमचं राहणं शक्य आहे, हजारो लोक बोटींत राहतात आणि त्यातल्या अनेकांना दुसरीकडे राहायचंच नाही. तिथला शेजार आपल्या जुन्या चाळीसारखा असतो. कुणाची शेगडी दोन दिवस पेटली नाही तर लोक दार ठोठावून विचारतात.

पण हिशोब करताना फक्त भाड्याशी तुलना करू नका. घर घेताना आपण भिंतींबरोबर एका जागेवर राहण्याचा हक्क विकत घेतो. बोट घेताना तो हक्क मिळत नाही. तो दरवर्षी करारावर सही करून पुन्हा मागावा लागतो. करारातली नोटिशीची मुदत एक महिना असेल, तर तुमच्या घराची हमीही तेवढीच, एक महिना. हे मान्य असेल तर बाकी सगळं, अगदी ती २० लिटरची पेटीसुद्धा, सवयीने जमतं.